मोटारीसाठीं डब्यांतून पेट्रोल : साठवण, वाहतूक व भरणी

शेतीच्या कामांत यंत्रें आलीं तेव्हांपासून तेलाचा डबा हा शेतकऱ्याच्या घरांतील एक नित्याचा जिन्नस होऊन बसला आहे. प्रथम तो रॉकेलचा होता. पुढें ऑईल एंजिनासाठीं क्रूड तेलाचा व ट्रॅक्टरासाठीं डिझेलचा आला. आतां दारांत मोटार व मोटारसायकल, आणि मळ्यांत औषध फवारण्याचा पंप व गवत कापण्याचें यंत्र आल्यावर त्यांत पेट्रोलच्या डब्याची भर पडली आहे. या सर्व तेलांकडे आपण एकाच नजरेनें पाहतों आणि तेथेंच चूक होते. रॉकेलशीं व डिझेलशीं जी सैल वागणूक इतकीं वर्षें चालून गेली, ती पेट्रोलशीं एक दिवसहि चालत नाहीं. म्हणून पेट्रोल घरीं किती ठेवावें, कशांत ठेवावें, कोठें ठेवावें व त्यांतून मोटारीची टाकी कशी भरावी, याचा क्रमानें विचार करण्याचें योजिलें आहे.

गरज कोणाला व किती

सातारा जिल्ह्याचे पाटण, जावळी व महाबळेश्वर हे डोंगरी तालुके घ्या, किंवा माण, खटाव, आटपाडी व जत हा पूर्वेकडील अवर्षणाचा मुलूख घ्या. अनेक वाड्यांपासून पेट्रोलचा पंप बराच लांब पडतो. कराड, वाळवा, पलूस व मिरज या बागायती तालुक्यांत पंप जवळ असले तरी वस्ती मळ्यांत असते. रात्रीं अपरात्रीं बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस दवाखान्यांत न्यावयाचा प्रसंग आला म्हणजे टाकींत तेल नाहीं ही अडचण जीवावर बेतते. शिवाय पुराचें भय आहेच. 2019 च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेच्या पुरानें सांगली शहर व नदीकांठचीं गांवें वेढलीं, पुणें-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कांहीं दिवस बंद राहिला आणि मालाची आवक तुटली. 2021 च्या जुलै महिन्यांत पुन्हां तसाच प्रसंग आला. अशा वेळीं थोडें तेल हाताशीं असावें ही इच्छा रास्त आहे.

परंतु 'थोडें' म्हणजे किती याचा हिशेब केला पाहिजे. वाडीपासून मोठ्या दवाखान्याचें गांव 40 किलोमीटर धरलें तर जाऊन येऊन 80 किलोमीटर होतात. मोटार लिटरास 15 किलोमीटर जाते असें मानल्यास साडेपांच लिटरांच्या आंत काम भागतें. तेव्हां संकटासाठीं दहा लिटरांचा एक डबा कोणत्याहि घराला पुरेसा आहे. त्याहूनहि सोपा उपाय असा कीं, मोटारीची टाकी अर्ध्याच्या खालीं कधीं येऊंच देऊं नये. पेट्रोल ठेवण्यासाठीं जाणत्या कारागिरांनीं विचारपूर्वक बनविलेलें सर्वांत सुरक्षित भांडें जर कोणतें असेल तर तें ही टाकीच होय. ज्याची टाकी नेहमीं अर्धी भरलेली, त्याला डब्याची गरज वर्षांतून एखादे वेळींच पडेल.

पेट्रोलचा स्वभाव

कोणत्याहि जळाऊ तेलाची ओळख पटविण्याची शास्त्रीय खूण म्हणजे त्याची वाफ किती उष्णमानावर पेट घेते ही होय. डिझेल व रॉकेल यांची वाफ साधारण 35 अंश सेंटिग्रेडच्या पुढें पेट घेण्याजोगी होते. म्हणून थंड डिझेलजवळ काडी नेली तरी तें लगेच भडकत नाहीं. पेट्रोलची ही मर्यादा शून्याच्याहि सुमारें 40 अंश खालीं आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या पौषांतील पहाटेसहि उघड्या पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ सदैव तरंगत असते. मग जतच्या वैशाखांतील दुपारची गोष्ट सांगावयासच नको. जळतें तें द्रव पेट्रोल नव्हे, तर त्याची वाफ. आणि ती वाफ डोळ्यांना दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही वाफ हवेपेक्षां तिपटी-चौपटीनें जड असते. ती धुरासारखी वर जात नाहीं, पाण्यासारखी खालीं वाहते. सांगलीजवळ हरिपूरच्या ज्या पेवांत हळद साठवीत असत, त्यांची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें चटकन् उमजेल. पेव उघडल्याबरोबर कोणी आंत उतरत नसे. तळाशीं सांचलेली कोंदट जड हवा निघून जाईपर्यंत थांबावें लागे. पेट्रोलची वाफहि अशीच तळघरांत, खड्ड्यांत, विहिरीच्या थारोळ्यांत व घराच्या सखल कोपऱ्यांत सांचून राहते. फरक एवढाच कीं, पेवांतील हवा गुदमरविते आणि ही पेटते.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. हवेंत पेट्रोलची वाफ शेंकडा सुमारें दीड भाग झाली कीं ती पेट घेण्याजोगी होते. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेलें तर सुमारें 200 लिटर वाफ होते, आणि ती हवेंत मिसळून साधारण 500 घनफूट हवा स्फोटक करूं शकते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीची ही निम्मी जागा झाली. बाटलीभर सांडलेलें पेट्रोल काय करूं शकतें याचा अंदाज यावरून यावा.

महसूल खात्यांतील नोकरींत आगीच्या नुकसानीचे पंचनामे लिहिण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे पुष्कळदां आलें. त्यांतील एक चांगला ध्यानांत आहे. गोठ्याच्या कोनाड्यांत प्लॅस्टिकच्या बाटलींत पेट्रोल होतें. बाटली उलटली होती. दिवा दहा-बारा हात दूर, गोठ्याच्या दुसऱ्या टोकास जमिनीजवळ होता. गोठा, कडबा व दोन बैल गेले. "एवढ्या लांबचा दिवा कसा लागेल?" असें पंच पुनःपुन्हां विचारीत होते, आणि शेवटीं कारणाच्या रकान्यांत 'अज्ञात' असा शब्द पडला. वाफ जमिनीलगत सरकत दिव्यापर्यंत गेली व ज्योत त्याच वाटेनें परत आली, हें कारण कोणाच्या मनांत आलें नाहीं. जें कारण ओळखतां येत नाहीं, तें टाळतांहि येत नाहीं.

कायदा काय सांगतो

पेट्रोलियमचा कायदा 1934 सालचा असून त्याखालील सध्यांचे नियम 2002 सालचे आहेत. अंमलबजावणीचें काम केंद्र सरकारची पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्था करते. तिची मुख्य कचेरी नागपुरास आहे. कायद्यानें तेलांचे वर्ग पाडले आहेत. पेट्रोल हें 'अ' वर्गांत येतें, डिझेल व रॉकेल हीं 'ब' वर्गांत येतात.

विक्रीसाठीं नव्हे, तर स्वतःच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या पेट्रोलला 30 लिटरांपर्यंत परवाना लागत नाहीं. मात्र तें घट्ट बुचाच्या पात्रांत असलें पाहिजे. कांचेचें अगर चिनी मातीचें पात्र असल्यास तें एक लिटरपेक्षां मोठें नसावें, व धातूचें असल्यास 25 लिटरांपेक्षां मोठें नसावें. ज्याच्या नांवावर रीतसर नोंदलेली मोटार आहे, अथवा ज्याच्याकडे एका जागीं बसविलेलें एंजिन आहे, त्याला टाकींतील तेलाशिवाय आणखी 100 लिटरांपर्यंत पेट्रोल त्या गाडीच्या अगर एंजिनाच्या उपयोगासाठीं ठेवण्याची मुभा आहे. गाड्या दोन असल्या तरी मर्यादा शंभरच राहते, दुप्पट होत नाहीं. आणि सांठा 30 लिटरांवर गेला कीं तो अशा अलग जागीं ठेवावा लागतो, कीं जिचा माणसांच्या राहण्याच्या किंवा कामाच्या खोलीशीं दळणवळणाचा संबंध नाहीं. डिझेलची मर्यादा बरीच मोठी, म्हणजे एकूण 2500 लिटर असून कोणतेंहि एक पात्र 1000 लिटरांपेक्षां मोठें असूं नये अशी अट आहे. याहून जास्त ठेवणाऱ्यानें परवाना काढलाच पाहिजे.

एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. कायद्यानें मुभा दिली म्हणजे तेवढें ठेवावेंच असा अर्थ होत नाहीं. परवान्याची मर्यादा हा शहाणपणाचा मापदंड नव्हे. शेजाऱ्यांना सोयीसाठीं लिटर-दोन लिटर पैसे घेऊन देणें ही तर विक्री झाली, आणि विक्रीस वरील सवलत लागू नाहीं.

डबा कसा असावा

जुन्या पिढीला चार गॅलनांचा, म्हणजे सुमारें 18 लिटरांचा पत्र्याचा चौकोनी डबा परिचयाचा आहे. रॉकेल त्यांतूनच येई, आणि रिकामा झाल्यावर तो धान्यास, पाण्यास व छपरास सुद्धां उपयोगी पडे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें आफ्रिकेच्या वाळवंटांत पेट्रोल नेण्यासाठीं अशाच पातळ पत्र्याचे चार गॅलनी डबे वापरले. ते हादऱ्यांनीं सांध्यांत फुटत व तेल वाळूंत गळून जाई. जर्मन सैन्याचा डबा मात्र जाड पोलादी पत्र्याच्या दोन दाबीव भागांना जोडून केलेला, 20 लिटरांचा, तीन मुठींचा व तरफेनें घट्ट बसणाऱ्या झांकणाचा होता. आंत हवेसाठीं राखीव पोकळी असल्यानें भरलेला डबा पाण्यावर तरंगे. हातीं लागलेले हे डबे पाहून इंग्रजांनीं व अमेरिकनांनीं तसेच डबे बनविले. इंग्रज शिपाई जर्मनांना ज्या टोपण नांवानें हांक मारीत, त्यावरून त्या डब्याला 'जेरीकॅन' हें नांव पडलें. सारांश, डब्याची किंमत पत्र्याच्या जाडींत व झांकणाच्या घट्टपणांत आहे.

शेतकऱ्यानें मंजूर बनावटीचा धातूचा डबाच घ्यावा. गोडेतेलाचे, पाण्याचे अगर शेतीऔषधांचे प्लॅस्टिकचे डबे पेट्रोलसाठीं कधींहि वापरूं नयेत. पेट्रोलनें कांहीं प्लॅस्टिक फुगतें व मऊ पडतें, बुचाचें रबर गळतें, वाफ बाहेर झिरपते. आणि प्लॅस्टिकवर घर्षणानें जी वीज सांचते ती जमिनींत उतरत नाहीं. औषधाच्या डब्यांत राहिलेला अंश तर एंजिनास व माणसास दोघांनाहि घातक. पाण्याच्या बाटलींत पेट्रोल ठेवणें हा सर्वांत मोठा गुन्हा समजावा. त्याचें कारण पुढें येईल.

डब्यावर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' असें रंगवावें आणि खडूनें भरल्याची तारीख लिहावी. डिझेलचा डबा रंगानें व आकारानें वेगळा असावा. फवारणीच्या दोन-ठोकी यंत्रासाठीं ऑईल मिसळलेलें पेट्रोल तिसऱ्या, अगदीं लहान डब्यांत ठेवून त्यावर तसें लिहावें. अंधारांत घाईच्या वेळीं तीन डब्यांतून एक उचलावयाचा असतो, हें विसरूं नये.

पंपावर भरतांना

रिकामा डबा मोटारींत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत अगर मोटारसायकलवर ठेवून भरूं नये. तो खालीं जमिनीवर ठेवावा, नळीचें धातूचें तोंड डब्याच्या तोंडास टेकलेलें ठेवावें आणि हळू भरावें. नळींतून तेल वेगानें वाहतांना वीज उत्पन्न होते. डबा जमिनीवर असला म्हणजे ती जमिनींत उतरते. ट्रॉलींतील रबरी चटईवर किंवा मोटारींतील गालिच्यावर असला म्हणजे ती सांचते व नळी उचलतांना ठिणगी पडूं शकते.

डबा गळ्यापर्यंत भरूं नये. पेट्रोल उष्णतेनें दर अंशास हजारांत सुमारें एक भाग फुगतें. पहाटे 20 अंशांवर भरलेला 20 लिटरांचा डबा दुपारीं 40 अंशांवर आला तर तेल सुमारें 400 मिलिलिटर वाढतें. त्याला जागा नसेल तर तें बुचांतून बाहेर येतें किंवा डबा फुगतो. म्हणून 20 लिटरांच्या डब्यांत 19 लिटरच घ्यावें. चिपळुणाकडून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्यांनीं तर हें अवश्य ध्यानांत ठेवावें. उंचीवर बाहेरील हवेचा दाब कमी होतो व बंद डबा अधिकच फुगतो.

वाहतूक

भरलेला डबा उभा, बांधलेला व बुच वर असलेला न्यावा. माणसें बसतात त्या जागेपासून तो वेगळा असावा, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या. मोटारींत डबा कायमचा ठेवून फिरणें ही वाईट संवय आहे. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आंत बाहेरच्यापेक्षां कितीतरी अधिक उष्णता सांचते. एस. टी. च्या गाडींत पेट्रोल नेण्यास मनाई आहे, आणि आगगाडींत असे धोक्याचे जिन्नस नेणें हा 1989 च्या रेल्वे कायद्यानें गुन्हा आहे. चाळीस-पन्नास उतारूंचा जीव आपल्या डब्यावर टांगून ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

ठेवण्याची जागा

राहतें घर, माजघर, स्वयंपाकघर, माडी, तळघर व जिन्याखालची जागा या सर्व वर्ज्य समजाव्या. गोठा, कडब्याची गंजी, उसाच्या पाचटाचा ढीग व धान्याची कोठी यांपासून दूर राहावें. गुऱ्हाळाचें चुलवण व हळद शिजविण्याच्या भट्ट्या हंगामांत रात्रंदिवस पेटलेल्या असतात. त्यांच्या आसपास डबा नेऊंहि नये. विजेच्या मोटारीचा स्टार्टर ज्या खोलींत आहे तीहि अयोग्य, कारण स्टार्टर लागतांना आंत ठिणगी पडते. आणि ही चूक फार आढळते, कारण मळ्यांत कुलपाची खोली तेवढी एकच असते.

योग्य जागा म्हणजे घरापासून अलग, सांवलीची, जमिनीलगत व छताजवळ दोन्हीकडे झरोके असलेली, कुलपाची लहान कोठी. खालचा झरोका महत्त्वाचा, कारण जड वाफ तेथूनच बाहेर जावयाची. आंत विजेचा दिवा नसावा. बाहेर कोरड्या वाळूनें भरलेल्या दोन बादल्या व आग विझविण्याचें कोरड्या पुडीचें नळकांडें टांगलेलें असावें. मुलांच्या हातीं किल्ली जाऊं नये.

किती दिवस टिकतें, व पाण्याची भानगड

पेट्रोल हें लोणचें नव्हे. तें मुरून चांगलें होत नाहीं. सैल बुचांतून प्रथम त्यांतील हलका भाग उडून जातो, आणि एंजिन सुरू होण्यास तोच भाग लागतो. मग हवेशीं संयोग होऊन चिकट पदार्थ बनतो व तो कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. फवारणीचा पंप हंगामानंतर तेलासकट ठेवला कीं पुढील वर्षीं सुरू होत नाहीं, याचें बहुधा हेंच कारण असतें.

आतां यांत आणखी एक विचार आला आहे, आणि तो आपल्या उसाशीं निगडित आहे. मद्यार्क पेट्रोलमध्यें मिसळण्याची कल्पना नवी नाहीं. त्यासाठीं 1948 सालींच आपल्या देशांत कायदा झाला होता. अलीकडील योजना 2003 सालीं सुरू झाली. 2022 सालीं शेंकडा 10 मिश्रणाचें उद्दिष्ट गांठलें गेलें आणि 2025 पर्यंत तें शेंकडा 20 वर आलें. कृष्णाकांठच्या साखर कारखान्यांतून निघणारें इथेनॉल या कामीं जातें. तेव्हां डब्यांतील पांचवा हिस्सा आपल्याच किंवा आपल्यासारख्या शेतांतून आला आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु इथेनॉलला पाण्याची ओढ फार. साधें पेट्रोल पाण्याला जवळ करीत नाहीं. पाणी तळाशीं वेगळें राहतें. मिश्रणांतील इथेनॉल मात्र थोडें पाणी पोटांत घेतें. एका मर्यादेपर्यंत कांहीं बिघडत नाहीं. मर्यादा ओलांडली कीं इथेनॉल व पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून खालीं बसतात. शेंकडा 10 मिश्रणांत ही मर्यादा साधारण शेंकडा अर्धा आहे, म्हणजे 20 लिटरांस 100 मिलिलिटर, एक लहान पेलाभर पाणी. शेंकडा 20 मिश्रण याहून अधिक पाणी सोसतें, पण हवा गार झाली कीं ही मर्यादा खालीं येते. दिवसा एकजीव दिसणारें तेल रात्रींच्या गारव्यानें फुटतें तें यामुळें. फुटलेलें तेल टाकींत गेलें तर एंजिन प्रथम तळांतील पाणी-इथेनॉल ओढतें व बंद पडतें.

परीक्षा सोपी आहे. पावसाळ्यांत ठेवलेलें तेल वापरण्यापूर्वीं उघड्यावर, विस्तवापासून दूर, डब्याच्या तळाचें थोडें तेल स्वच्छ कांचेच्या भांड्यांत घेऊन कांहीं वेळ स्थिर ठेवावें. दोन थर दिसले, किंवा तेल गढूळ दिसलें, तर तें मोटारींत घालूं नये. हलवून पुन्हां एकजीव करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. घट्ट डब्यांतहि दोन-तीन महिन्यांपलीकडे तेल ठेवूं नये. तारीख पाहून तें गाडींत घालून संपवावें व डबा नव्यानें भरावा. धान्याच्या कणगींत जुनें आधीं काढावें ही आपली रीत येथेंहि लागू आहे.

मोटारींत ओततांना

एंजिन बंद करावें. विडी-काडी, कंदील व चूल जवळ नसावी. रात्रीं लागेल तर विजेरी आधीं पेटवून दूर धरावी. डबा उघडण्यापूर्वीं हातानें मोटारीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावर सांचलेली वीज उतरते. नव्या मोटारींच्या टाकीच्या तोंडांत झडप असते. ती साध्या आंखूड नरसाळ्यानें उघडत नाहीं व तेल उलटून अंगावर येतें. यासाठीं लांब तोंडाचें योग्य नरसाळें डब्याबरोबरच बांधून ठेवावें. त्यांत बारीक जाळी असल्यास गंज व कचरा अडतो. वीस लिटरांचा भरलेला डबा डब्यासह वीस किलोच्या आसपास भरतो. एकट्या माणसानें तो खांद्याएवढा उचलून ओतूं नये. यासाठींहि दहा लिटरांचाच डबा सोयीचा. ओततांना डब्यांत हवा शिरण्यास वाट ठेवावी, म्हणजे तेल गचके न देतां सरळ वाहतें.

सांडलेलें तेल मातीनें टिपून घ्यावें, वाफ उडून जाईपर्यंत थांबावें व मगच एंजिन सुरू करावें. कपड्यांवर सांडलें तर ते आधीं बदलावे. ओल्या कपड्यांनीं चुलीपुढें जाणें म्हणजे स्वतःच वात होणें. गरम फवारणी-पंपाच्या टाकींत लगोलग तेल ओतणें हें तर अपघाताला आमंत्रण. यंत्र निववून घ्यावें, आणि पाठीवरून खालीं उतरवूनच भरावें.

डिझेलच्या गाडींत पेट्रोल किंवा पेट्रोलच्या गाडींत डिझेल चुकून पडलें तर किल्लीसुद्धां फिरवूं नये. गाडी ढकलून बाजूस घ्यावी व टाकी रिकामी करवावी. एंजिन सुरू केलें कीं चुकलेलें तेल सगळ्या नळ्यांतून पसरतें व चार पैशांच्या जागीं चारशें लागतात.

आग व विष

पेट्रोलच्या आगीवर पाणी मारूं नये. पेट्रोल पाण्याहून हलकें असल्यानें तें वर तरंगत जळतें व पाण्याबरोबर आग दूरवर पसरते. वाळू, कोरडी माती, किंवा कोरड्या पुडीचें नळकांडें वापरावें. डब्याच्या तोंडाशींच ज्योत असेल तर ओलें गोणपाट टाकून ती कोंडावी. पेटलेला डबा उचलून धांवत सुटूं नये. कपडे पेटल्यास जमिनीवर लोळावें. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें वाहतें थंड पाणी सोडावें. शाई, दंतमंजन अगर तेल लावूं नये.

नळी तोंडानें ओढून पेट्रोल काढण्याची रीत खेड्यांत सर्रास आहे. ती बंद झाली पाहिजे. एखादा घोट पोटांत जाण्यापेक्षां तो श्वासनळींत उतरण्याचें भय मोठें. थोड्याशा थेंबांनींहि फुफ्फुसांस सूज येऊन माणूस दगावतो. पाण्याच्या बाटलींतील पेट्रोल अगर रॉकेल पाणी समजून पिणारीं लहान मुलें दवाखान्यांत येतात, त्यांचीहि हीच गत होते. अशा रोग्यास मीठ-पाणी पाजून ओकारी काढूं नये, कारण ओकतांना तेल पुन्हां श्वासनळींत जातें. कांहीं न पाजतां 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व थेट मोठा दवाखाना गांठावा. बाटली असल्यास बरोबर न्यावी.

पुराच्या वेळीं

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलें कीं इशारा व 45 फुटांवर धोका, हें नदीकांठच्या सर्वांना तोंडपाठ आहे. इशाऱ्याच्या वेळींच घरांतील डबे उंच जागीं, उघड्या हवेंत, सांवलींत हलवून दोरीनें बांधून ठेवावे. बंद डबा पुरांत तरंगत जातो, कोठेंतरी आपटून फुटतो आणि त्याचें तेल पाण्यावर पसरून पूरग्रस्तांच्या चुलींपर्यंत पोंचूं शकतें. पूर ओसरल्यावर बुडालेल्या डब्यांतील तेल पाणी मिसळलेलें आहे असेंच धरून चालावें. बुडालेली मोटारहि टाकी व एंजिन तपासल्याशिवाय सुरू करूं नये.

सारांश

1. मोटारीची टाकी अर्ध्याखालीं येऊं देऊं नये; मग डब्याची गरज क्वचितच पडेल.
2. घरीं ठेवावयाचें तर दहा लिटर, मंजूर बनावटीच्या धातूच्या डब्यांत, नांव व तारीख लिहून.
3. डबा जमिनीवर ठेवून भरावा. विसांवा हिस्सा रिकामा ठेवावा.
4. राहत्या घरांत, गोठ्यांत, स्टार्टरच्या खोलींत व तळघरांत ठेवूं नये.
5. दोन-तीन महिन्यांत वापरून टाकावें; पावसाळ्यानंतर कांचेच्या भांड्यांत परीक्षा करावी.
6. एंजिन बंद, विस्तव दूर, नरसाळें योग्य, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय बुच उघडूं नये.
7. पाण्याच्या बाटलींत पेट्रोल नाहीं, नळीला तोंड नाहीं, आगीवर पाणी नाहीं.

हे सात नियम एका कागदावर लिहून कोठीच्या दारास आंतून चिकटवावे आणि घरांतील गडीमाणसांना, शाळेंत जाणाऱ्या मुलांना व बायकामंडळींना एकदां वाचून दाखवावे. डबा आणतो तो घरचा कर्ता पुरुष. पण तो घरीं नसतांना त्या डब्याजवळ वावरतात तीं हीं माणसें. म्हणून नियम त्यांना ठाऊक असणें हेंच अधिक महत्त्वाचें आहे.